नाव नसलेली बातमी

मुलांनो,

गेल्या रविवारी तुमच्यातली मोठी फोनवर रडत होती. तिच्या कॉलेजातल्या नाचाचा फोटो कुणीतरी फिरवला, खाली दोन खोचक ओळी लिहिल्या आणि नाव मात्र टाकलं नाही. "नावच नाही आजी, मग मी उत्तर कसं देऊ? दिलं तर म्हणतील, हिलाच का झोंबलं?" असं म्हणाली. आणि शेवटी, "तुमच्या काळी बरं होतं, असलं काही नव्हतं." फोनवर मला क्रमानं बोलता येत नाही. म्हणून हे लिहिते, आणि ते सगळ्यांनीच वाचा.

आधी जागा सांगते. पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं लोटली होती. उस्मानाबाद जिल्ह्यात गावोगाव मराठी शाळा निघत होत्या आणि मुलींना शिकवायला बाई मिळत नव्हती. मी सोलापूरला मामांकडे राहून इंग्रजी शाळेतून मॅट्रिक झाले होते आणि लग्न होऊन बेंबळीला आले होते. तुमचे आजोबा सरकारी कारकून. मुलींचा वर्ग मला मिळाला, तो एका शिंपीकाम करणाऱ्या चाचांच्या दुकानामागच्या खोलीत भरायचा. दुकान आणि वर्ग यांच्यामध्ये गोणपाटाचा पडदा होता. त्या वर्गापुरतीच मी घराबाहेर पडत असे. विहिरीवर सासूबाई जायच्या, बाजार आजोबा करायचे. वर्ग नसता तर मला उंबऱ्याबाहेर पाय टाकायला दुसरं कारण नव्हतं.

आता वर्तमानपत्राचं. उस्मानाबादहून एक साप्ताहिक एस.टी.नं गुरुवारी यायचं. गावात त्याची एकच प्रत येई, आणि ती चाचांच्या ओट्यावर मोठ्यानं वाचली जाई. तुम्हाला नवल वाटेल, पण ऐकायला बसलेल्यांत शिकलेली माणसंही असत. चाचा स्वतः निजामाच्या शाळेत शिकलेले, त्यांचं उर्दू मोत्यासारखं. पण आता अर्जापासून पेपरापर्यंत सगळं देवनागरीत आलं आणि असे जाणते लोक पन्नाशीत ऐकणारे होऊन बसले. वाचायचे ते अण्णा, आमच्या गावचे किराणा दुकानदार. साप्ताहिकाला गावच्या बातम्या तेच पाठवायचे. म्हणजे ज्यांनी लिहायचं, त्यांनीच वाचायचं. यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. मलाही दिसलं नव्हतं.

त्या वर्षी येरमाळ्याच्या यात्रेत तंबूतला सिनेमा आला होता. त्याच्या भोंग्यावरची गाणी मुली तोंडपाठ करून आल्या. इंग्रजी महिने त्यांच्या डोक्यात शिरत नव्हते, तेव्हा मी ते एका गाण्याच्या चालीत बसवून दिले. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा. एप्रिलला सगळ्या चुकायच्या आणि हसायच्या.

मग एका गुरुवारनंतर मुली यायच्या बंद झाल्या. एकदम नाही. आज हिच्या आईला बरं नाही, उद्या तिला राखणीला जायचंय, असं करत सतरंजी रिकामी होत गेली. मला कारण कळलं ते घरी.

"तू म्हनं पोरींना पायात चाळ बांधून नाचीवतीस," सासूबाई म्हणाल्या. "पेपरात आलंय."

गावातली प्रत अण्णांकडं होती, म्हणून मी आजोबांना उस्मानाबादहून तो अंक आणायला लावला. बातमी तीन वाक्यांची होती. बेंबळीत मुलींच्या वर्गात सिनेमाच्या चाली घुमतात. शिकवणाऱ्या बाई इंग्रजी शिकलेल्या आहेत. पालकांनी विचार करावा. चाळ नाही, नाच नाही, नावही नाही. आणि जे होतं त्यात एक शब्द खोटा नव्हता. खोटं असतं तर खोडून काढता आलं असतं.

"आपलं नाव कुठाय त्यात?" सासूबाईंनी विचारलं. "न्हाय ना? मग तू कशाला अंगावर घेतीस?"

आजोबा म्हणाले, "मी सरकारी नोकर आहे. पेपरवाल्यांच्या नादी लागायचं नाही."

दोघांचंही बरोबर होतं. बोलले तर ती बाई मीच, हे मी कबूल केलं असं झालं असतं. गप्प राहिले तर गावानं ते आधीच धरलेलं होतं. पंधरवड्यावर शाळा तपासणी आलेली. वर्ग रिकामा दिसला की बंद, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी साखर आणायचं निमित्त करून मी स्वतः अण्णांच्या दुकानात गेले. एवढं धाडसही माझ्या लेखी मोठं होतं.

"अण्णा, तुम्ही वर्गात येऊन बघितलं होतं का?"

"बगायचं काय त्यात? रस्त्यावर ऐकू येतंय की." ते साखर पुड्यात ओतत राहिले. "म्या कुनाचं नाव लिवलंय का, बाई? आन् खोटं काय लिवलं, ते सांगा."

"या गावात इंग्रजी शिकलेल्या बायका किती आहेत?"

"ते वाचनाऱ्यानं मोजावं," अण्णा म्हणाले आणि पुड्याला दोरा गुंडाळला.

त्यानंतर वर्गात उरली ती एकटी चाचांची मुलगी, कारण तिला फक्त पडदा ओलांडून यायचं होतं. पुढच्या गुरुवारी आम्ही दोघी आत बसलो होतो आणि बाहेर ओटा भरला होता. वाचून झाल्यावर शेजारच्या गावचा कुणी म्हणाला, "अण्णा, मागची ती बाईची बातमी वाचा की परत. म्या नव्हतो."

बाहेर लोक सरसावून बसल्याचं मला आत कळलं. तमाशाची फर्माईश असावी तसं ते होतं. अण्णांनी जुना अंक उलगडला. तीन वाक्यं वाचली, आणि आवाज जराही न बदलता, त्याच छापील थाटात पुढं गेले: "सदर बाई मुलींच्या पायी चाळ बांधून नृत्य करवितात, असे समजते."

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. आजोबांनी आणलेला अंक माझ्या पिशवीत होता. तिनंही तो वाचला होता. मी तिला मानेनंच नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही.

"अब्बा, चाळ न्हाय त्यात," ती बसल्या जागेवरून ओरडली.

मशीनची खडखड थांबली. "काय म्हनलीस?"

"पेपरात चाळ न्हाय."

"पोरीला काय कळतंय!" अण्णा म्हणाले.

"बेटी, हिकडं ये," चाचा म्हणाले. "तू वाच."

ती पडद्याबाहेर गेली. मी आतच होते. मला बाहेर जायची सोय नव्हती. अडखळत, बोट ठेवून वाचत असावी, कारण प्रत्येक शब्द सुटा सुटा येत होता. तीन वाक्यं झाली आणि ती थांबली.

"पुढं?"

"संपलं."

"आन् चाळ?" कुणी विचारलं.

"चाळ अण्णांच्या दुकानात मिळत्यात म्हनं, गुळाच्या बाजूला," दुसरा म्हणाला आणि ओटा हसायला लागला. अण्णाही हसले. चाचा हसले नाहीत.

"लई वर्सं तुमच्या तोंडानं पेपर ऐकला, अण्णा," ते म्हणाले. "आता त्यातला पेपर किती आन् तुमी किती, मला कसं कळायचं?"

तिथून दर गुरुवारी ती मुलगी वाचू लागली. बापाला पेपर वाचून दाखवणारी पोर गावानं पाहिली, आणि तिच्यामुळं काही मुली परत आल्या. काही आल्या नाहीत. एकीचं तेवढ्यात लग्न ठरलं होतं. पुढं ती मला शाळेच्या वाटेवर दिसायची तेव्हा मान खाली घालायची. साप्ताहिकानं खुलासा छापला नाही. छापणार तरी काय? चाळ त्यांनी छापलेच नव्हते, आणि छापलेलं खरं होतं.

तपासणीला साहेब आले तेव्हा सतरंजी बऱ्यापैकी भरलेली होती. वर्ग वाचला. जाताना ते दारात थांबले आणि हळूच म्हणाले, "ती सिनेमाची चाल मात्र बंद करा, बाई. तुमच्याबद्दल पेपरात वाचण्यात आलं होतं."

मी "होय" म्हटलं. अंक त्यांच्यापर्यंत पोचला होता, ओट्यावरचं हसू पोचलं नव्हतं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी मुलींना महिने सपाट आवाजात शिकवले. कधी कुणी मुलगी आपणहून सूर लावू लागली, तर मीच तिच्याकडं डोळे वटारून बघायची. अण्णांनी लिहिलेली तीन वाक्यं मी इतकी वर्षं पाळली.

तेव्हा तुला, मोठे, उत्तर दे किंवा देऊ नको असं मी सांगू शकत नाही. मला दोन्हीतलं एकही जमलं नव्हतं.

ते साप्ताहिक बंद पडलं. अण्णा गेले, चाचा गेले, दुकानाच्या जागी आता पत्र्याची टपरी आहे. मुलींचा वर्ग अजून भरतो. पक्क्या इमारतीत आहे, आणि आता दहावीपर्यंत आहे.