चाचींना म्हणे माझा त्रास होतो

गेल्या मंगळवारी कासूजवळच्या एका गावात माझी चांगलीच जिरली… तीही मीच लिहिलेल्या एका वाक्यामुळे.

मी एका आरोग्य-संशोधनात काम करते. एकट्या राहणाऱ्या वयस्कर बायकांकडे दर पंधरा दिवसांनी जायचं, बीपी मोजायचं, ठरलेले प्रश्न विचारायचे. यात एवढासा बदल करायचा तरी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आणि मग प्रत्येकीला नवा कागद वाचून दाखवून पुन्हा सही घ्यावी लागते.

तर आम्ही बदल मागितला… घरी जाण्याऐवजी फोन. अर्जात 'बदलाचे कारण' असा रकाना असतो. मी झोकात लिहिलं, 'भेटींमुळे सहभागींना त्रास होतो.' एकीलाही न विचारता! मंजुरी आलीसुद्धा.

तो कागद घेऊन आमच्या अभ्यासातल्या एका चाचींकडे गेले. (नाव सांगत नाही, नियम आहे.) मुलं आखातात, घरात त्या एकट्याच. मी त्या वाक्यापर्यंत आले आणि त्यांनी मला थांबवलं.

"तरास? मला? कुनी सांगितला?"

मी कागदावरचं ते वाक्य बोटाने झाकलं.

"तू येतेस तवा दोन कप च्या ठेवते मी. नायतर कुनासाठी ठेवू गो?"

मग सांगून टाकलं, "चाची, ते मीच लिहिलंय." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सही मात्र केली नाही, आणि आग्रह करायची मला परवानगी नाही. सही नाही म्हणजे चाची अभ्यासाबाहेर.

परत येताना फार एकटं वाटलं. रोह्यात माझी एक भाड्याची खोली, घर तिकडे लातूरला. शेजारी सगळे धाटावच्या कारखान्यांतले शिफ्टवाले… दाराला कुलूप तरी असतं, नाहीतर आत कुणीतरी झोपलेलं. "जेवलीस का?" असं विचारणारं या भागात एकच घर होतं, ते मी स्वतःच्या हाताने घालवलं.

काल आमच्या सरांना सगळं सांगितलं आणि नवा अर्ज टाकला. भेट हवी की फोन, हे ज्या-त्या बाईने ठरवावं. मंजुरी येईल, न येईल… तोवर कामासाठी चाचींकडे जाता येणार नाही, आणि नुसतं जायला तोंड नाही.

कारणाच्या रकान्यात या वेळी लिहिलं, 'सहभागी भेटीची वाट पाहतात.'

मीही पाहते… ते अर्जात लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहिलं.