चपलांची रांग

गेल्या महिन्यात मीच या कम्युनिटीवर विचारलं होतं. माझी सहा वर्षांची मुलगी सारखी चपला रांगेत लावते, हाक मारली की नुसती उभी राहते, हे ऑटिझम असेल का? बऱ्याच जणांनी सांगितलं, दाखवून घ्या.

आज उल्हासनगरला लहान मुलांच्या मानसतज्ज्ञ असलेल्या एका मॅडमकडे दाखवलं.

मॅडमनी दाराबाहेरच्या आमच्या चपला मुद्दाम पायाने विस्कटल्या. मला वाटलं, पोरगी आता रडणार. तिने चपलांकडे बघितलंच नाही. आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग धावत जाऊन चपला लावल्या.

"तुला रांग आवडते का गं?" मॅडमनी विचारलं.

"नाही. वाकड्या असल्या की पप्पा ओरडतात."

बायको हळूच म्हणाली, "बदलापूरला मामाकडे ही एकदाही लावत नाही."

मॅडम म्हणाल्या, "मी आजच शिक्का मारणार नाही, अजून चार-पाच वेळा बघावं लागेल. पण आवडीने केलेलं आणि भीतीने केलेलं वरून सारखंच दिसतं. म्हणून मूल काय करतं यापेक्षा कुणाकडे बघत करतं, ते मी बघते."

मी मारत नाही हो. मोरिवलीच्या कंपनीतून थकून येतो, आवाज चढतो, एवढंच. एवढंच, असं मी सकाळपर्यंत समजत होतो.

मघाशी घरी आल्यावर माझी चप्पल मीच नीट ठेवली. तरी ती आली आणि नीट असलेली चप्पल पुन्हा नीट केली.

तुम्ही घरात शिरता तेव्हा तुमची मुलं आधी कुठे बघतात?