थोरलीच्या दारातली गाडीवाट

माझ्या अप्पांनी मला या घरात दिलं ते गाडीवाट बघून. गुंद गावाच्या पलीकडं एवढ्या रानात पोरगी द्यायची म्हणून आईचा जीव वरखाली होत होता, पण अप्पांनी तिला गप्प केलं. खानापुराहून लाकडाला रिकाम्या गाड्या येतात, त्यातल्या एकीत बसलो की थेट पोरीच्या उंबऱ्यात उतरतो, म्हणाले. मी आले तेव्हा वाट खरंच माझ्या दारातनं जात होती.

दोन पावसाळे गेले आणि वाटेच्या मधोमध वारूळ उठलं. आधी गुडघ्याएवढं, मग कंबरेएवढं. नागपंचमीला आम्ही दोघी जावांनी त्याला दूध-लाह्या वाहिल्या, हळदकुंकू लावलं. झालं. आता नागाच्या घरावरनं चाक कोण घालणार? गाडीवाले वारुळाला वळसा घेऊन थोरल्या जावेच्या शेतातनं जायला लागले. एका हंगामात तिथं चाकोऱ्या पडल्या आणि गाडीवाट माझ्या दारातनं उठून तिच्या दारात जाऊन बसली.

थोरले दीर आणि आम्ही वेगळे राहत होतो. मधे एक भाताचं खाचर आणि त्याचा हातभर रुंदीचा बांध, एवढंच अंतर. पण अप्पांचे गुडघे गेलेले. बांधावरनं मला चालवत नाही, असं ते म्हणायचे आणि थोरलीच्याच ओसरीवर टेकायचे. ती पाय धुवायला गरम पाणी द्यायची, घोंगडं अंथरायची, ताट वाढायची. स्वतःच्या बापाला भेटायला मला तिच्या घरी पाहुणीसारखं जावं लागायचं. माझ्या भावाला मुलगा झाला, हेसुद्धा मला तिनं सांगितलं, कढीला फोडणी देता देता. मी हसून ऐकलं आणि घरी येऊन भांडी आपटली.

जळत होते मी. त्याला दुसरा शब्द नाही. अप्पा तिला "बाय" म्हणून हाक मारायचे ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दर पंचमीला ती माझ्यापेक्षा मोठा तांब्या भरून दूध घेऊन वारुळाशी यायची, आणि लोक म्हणायचे, काय भाव आहे बाईचा. भाव कसला डोंबलाचा! तिची सगळी भक्ती त्या गाडीवाटेवर होती.

मग गावात मोजणी आली. मोजणीदारानं नकाशा उलगडला, साखळीवाल्यांनी साखळी ओढली, आणि निघालं काय, तर सरकारी नकाशात वाट होती ती माझ्याच दारातनं. मी चुलीवरचा भात तसाच टाकून बाहेर आले. मला वाटलं, देव पावला.

मोजणीदारानं दोन्ही घरांना वारुळापाशी बोलावलं आणि नीट समजावून सांगितलं. नकाशाप्रमाणं वाट मोकळी करायची तर वारूळ काढावं लागेल. ते नको असेल, तर चाकं जातात तीच वाट तो कागदावर लावून देईल. मग थोरल्यांच्या शेताची पट्टी वाटेत जाईल आणि जुन्या वाटेची जागा आमच्या जमिनीत पडेल. फुकटची जमीन म्हटल्यावर माझ्या नवऱ्याचा चेहरा उजळला. थोरले दीर खाली बघत उभे राहिले. चांगली पिकती पट्टी जाणार होती, पण वारूळ काढा म्हणायला त्यांची जीभ उचलत नव्हती.

माझी उचलली.

"काढा वारूळ," मी म्हणाले. "मला जमीन नको. मला वाट पायजे."

साखळीवाल्यांनी साखळी खाली ठेवली. नवऱ्यानं मला सगळ्यांदेखत विचारलं, येड लागलंय व्हय तुला? आणि थोरली, जिची जमीन माझ्या बोलण्यानं वाचत होती, ती पुढं होऊन मोजणीदाराला म्हणाली, "नागाला हात लावू नगा, साहेब. आमची पट्टी जाऊ दे." म्हणजे चांगुलपणातही तीच वर आणि मी खाली. मोजणीदारानं वारुळाला हात जोडले आणि चाकोरीच्या कडेनं दगड रोवून घेतले. वाट तिच्याकडं कायमची गेली. लोक नवऱ्याला म्हणायचे, नशीब काढलंस. मी त्या जागेत भाताचं एक रोपसुद्धा लावू दिलं नाही.

त्या दिवसापासनं थोरलीनं माझ्याशी बोलणं टाकलं. नागाच्या जिवावर उठलेल्या घराला आपलं पाणी नाही, असं तिनं पाणवठ्यावर सगळ्या बायकांना सांगितलं. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. आता अप्पा कुणाच्या ओसरीवर बसतात ते बघू, म्हटलं.

सुगी झाल्यावर अप्पा आले. गाडी तिच्या दारात थांबली. ती आतनं बाहेर आलीच नाही. अप्पा बराच वेळ ओसरीच्या पायरीशी उभे राहिले. शेवटी माझा नवरा गेला आणि त्यांचा हात धरून, थांबत थांबत, त्यांना बांधावरनं घेऊन आला. इतक्या वर्षांनी माझा बाप माझ्या दारात आला होता. मी त्यांचे पाय धुतले, नव्या तांदळाचा भात वाढला, वर लोण्याचा गोळा घातला आणि समोर बसले.

त्यांनी चार घास खाल्ले आणि हात थांबवला.

"त्या पोरीनं आज तोंड दावलं न्हाई," म्हणाले. "माझं काय चुकलं गं?"

तुमचं काही चुकलं नाही, जेवा आधी, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली.

"न्हाई, कायतरी चुकलं असंल. इच्यारून येतो."

ताटावरनं उठले, हात धुतले, काठी घेतली. नवरा हात द्यायला पुढं झाला तर त्याला नको म्हणाले. आणि त्या हातभर बांधावरनं एकटे, कुठं न थांबता, थोरलीच्या दाराकडं चालत गेले. बांधावरनं त्यांना चालता येत होतं.