संपतनं जपलेलं सूक्ष्मदर्शक

आमच्या शाळेचा प्रयोगशाळा परिचर संपत परवा रिटायर झाला. मी तिथंच इतिहास शिकवतो, म्हणून सांगतो. बाकीचे तर मूग गिळून बसलेत.

शाळा डिंगोऱ्याकडची. वीस वर्षांपूर्वी नारायणगावच्या उत्तमचंद शेठनी आई झमकूबाईंच्या नावानं शाळेला सूक्ष्मदर्शक दिलं. हेडमास्तरांनी ते कपाटात ठेवून किल्ली संपतकडं दिली. म्हणाले, "महागाची वस्तू आहे, पोरं वाट लावतील. पेशी काय, फळ्यावरही काढता येते." झालं! तेव्हापासून पोरं कांद्याची पेशी फळ्यावरून उतरवून घेतात आणि प्रॅक्टिकलला विसापैकी अठरा मिळवतात. घ्या विज्ञान!

संपतचा मात्र त्या यंत्रावर भारी जीव. दर खंडेनवमीला ते बाहेर काढायचा, गोडं तेल लावून पुसायचा, वरच्या-खालच्या भिंगांना हळदकुंकू लावायचा, झेंडूचा हार घालायचा. आम्ही शिक्षक हात जोडायचो आणि पेढा खायचो. एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. माझ्याही नाही.

यंदा त्याची धाकटी आरती नववीत. घरच्या टोमॅटोची पानं आकसायला लागली. "तात्या, औषधाचा दुकानदार म्हणतो कोळी कीड हाय, शेजारचे म्हणत्यात व्हायरस. मला सोता बघायचंय," ती म्हणाली. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तेच मांडायचं तिनं ठरवलं होतं. पोरीसाठी संपतनं पहिल्यांदाच हेडमास्तरांना न विचारता कपाट उघडलं.

आरतीनं पान ठेवलं, डोळा लावला.

"तात्या, काईच दिसंना. नुसतं लाल लाल."

तेल आणि कुंकू भिंगात मुरून घट्ट बसलं होतं. संपतनं सदऱ्याच्या टोकानं पुसलं, स्पिरिटनं घासलं. भिंगाला ओरखडे पडले, पण लाली काही जाईना. मी दारातच उभा होतो.

"तुमी तरी कधी बघितलं व्हतं का ह्यातून?" आरतीनं विचारलं.

"न्हाई गं. मोडंल म्हणून भ्या वाटायचं."

प्रदर्शनात तिनं थर्माकोलचा ज्वालामुखी मांडला. विज्ञानाच्या सरांकडं तो दरवर्षीचा तयारच असतो. टोमॅटोवर दुकानदारानं दिलं ते औषध मारलं. झाडं गेली ती गेलीच.

परवा निरोप समारंभात हेडमास्तर छाती फुगवून म्हणाले, "संपतरावांनी वीस वर्षांत प्रयोगशाळेतली एक काच फुटू दिली नाही!" आम्ही कडाडून टाळ्या वाजवल्या. हो, मीही. सगळं डोळ्यांनी बघूनसुद्धा. लाज वाटते सांगायला.

संपत उठला. खांद्यावरची शाल काढून त्यानं खुर्चीवर ठेवली.

"टाळ्या कशाच्या वाजिवता, राव? वीस वर्सांत एका पोरानं त्या यंत्रातनं बघितलं न्हाई. माझ्या पोरीनंबी न्हाई. पोरांना आंधळं ठिवलं आपण, आन् मला शाल देताय?"

हेडमास्तरांनी घसा खाकरला, सर्वांचे आभार मानले आणि चहा फिरवायला सांगितला.