बाटलीतलं वरवटचं पाणी

असले अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली. तुम्ही माझी केलीत तरी चालेल... पण आता मनात ठेववत नाही.

मी रसायनशास्त्रातली. माहेर वरवट बकाल, तालुका संग्रामपूर. आमचा सगळा खारपाणपट्टा — बोअरचं पाणी खारट, आणि गल्लीगल्लीत किडनीचे पेशंट. आमच्या घरी माझा थोरला भाऊ. दादाचं डायलिसिस चालू होतं. पाणी अगदी मोजकं प्यायचं, डॉक्टरांची सक्त ताकीद. मग ओला रुमाल ओठांवर धरून बसायचा.

दक्षिण महासागरात जाणाऱ्या संशोधन जहाजावर माझी निवड झाली, तेव्हा त्याला भेटायला गेले.

"तिकडल्या पान्यात काय पाह्यतं वं बाई?"

"समुद्राच्या वरच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट किती आहे ते. तिथल्या बारीक शेवाळाचं खतच म्हण."

"मंग आपल्या बोअरमंदी पाय ना! लय खत सापडंन तुले." हसला. मग हळूच म्हणाला, "लय थंड असंन नाई ते पानी?"

जहाज बर्फापाशी पोचलं. रोज लॅबमधल्या नळातून, जहाजाखालून पंपाने येणारं समुद्राचं पाणी बाटलीत भरायचं, गाळायचं, मशीनला लावायचं. आकडे जवळपास सारखेच यायचे. एका दुपारी मात्र नायट्रेट एकदम मोजपट्टीच्या बाहेर गेलं! क्षार पाहिले, तर समुद्राच्या मानाने काहीच नाहीत. बाटली नाकाशी नेली... पुन्हा नेली. तो वास मी लहानपणापासून ओळखते. आमच्या बोअरचा.

"बाटली खराब असेल," माझी सहकारी मर्लिन म्हणाली. तिने स्वतः नवी बाटली भरली. तेच आकडे, तोच वास. त्यानंतरच्या बाटलीत पुन्हा नेहमीचा समुद्र. मशीन तपासलं — ठीक होतं.

संध्याकाळी सॅटेलाइट फोनवर निरोप आला. दादा दुपारीच गेला होता.

जहाज माघारी फिरणार नव्हतं. मी पुढचे कित्येक आठवडे बाटल्या भरत राहिले. रडायलासुद्धा वेगळी खोली नव्हती.

घरी पोचले तेव्हा वहिनी गळ्यात पडल्या. म्हणाल्या, "बाई, तुम्हाले काय सांगू... सकायपासून पानी पानी करून राह्यले होते. म्या देल्लं नाही, डॉक्टर नाही म्हणे ना. दुपारी एकाएकी चूप झाले. म्हणे, बाईनं देल्लं. म्या पाह्यलं तं ओठ ओले, उशी ओली. पदरानं पुसलं तं बोटं बधिर झाली, इतकं गार! बाहीर ऊन रखरखून राह्यलं होतं, घरात फ्रिज बंद... तुम्ही कुठून देल्लं हो?"

त्या दोन बाटल्यांतलं पाणी तपासणीतच संपलं. जाणकारांना विचारलं, मर्लिनही साक्षीला होती. सगळे म्हणतात, नळीत काहीतरी अडकलं असेल. काय अडकलं असेल, ते कुणी सांगत नाही. मलाही आजवर कळलेलं नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींच्या पायावर सूज दिसली. किडनीचे रिपोर्ट आणले. ते मात्र मला नीट वाचता येतात.