शिंपल्याचे केस आणि आबांचं होय

आबांचा गावाहून निरोप आला होता, "सोमवारी गूळ घेऊन मार्केटात येतोय. तसाच तुझ्याकडं येतो. काय करतीस ते बघतो, मग जयसिंगपूरच्या पावण्यांना काय ते कळवतो." पाहुण्यांना मी पसंत होते, अडलं होतं ते फक्त आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या उत्तरावर. इकडे माझं एमएस्सी झालेलं, सर संशोधनाला घ्यायला तयार, आणि मला लग्न करायचंच नव्हतं. त्या जयसिंगपूरच्या मिशीवाल्याशी तर मुळीच नाही!

सर म्हणाले, "घाबरतेस काय? शिंपला दाखव की त्यांना."

माझा सगळा जीव त्या शिंपल्यांत. पंचगंगेच्या चिखलात साडी खोचून उतरायची आणि स्वतः काढून आणायची. शिंपल्याच्या कल्ल्यांवर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे केस असतात. ते सारखे हलत पाणी आत ओढतात, त्यातूनच त्याला श्वास मिळतो आणि खाणंही. कल्ला कापून वेगळा काढला की मज्जातंतूंचा हुकूम तुटतो आणि बाजूच्या ओळींतले केस थांबतात. मग त्यावर सेरोटोनिनचा थेंब सोडायचा. मज्जातंतू एरवी हुकूम सोडतात तो ह्याच रसायनानं. थेंब पोचला की गडी पुन्हा कामाला! पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी प्रयोगशाळेत चक्क नाचले होते, आणि सरांनी खिडकीबाहेर बघितलं होतं.

पाण्याची ओढ नजरेला दिसावी म्हणून आम्ही त्यात कार्माइनची लाल पूड टाकायचो. सोमवारी बघते तर बाटली रिकामी. आता आली का पंचाईत! पिशवीत जोतिबाच्या गुलालाची पुडी होती. आमच्याकडं कुणाच्या पिशवीत ती नसते? म्हटलं, पूड ती पूड, आणि सोडली चिमूटभर. अगं आई गं! कार्माइनचे कण पाण्यात तरंगतात, हा मेला विरघळला. पाणी गुलाबी, कल्ला गुलाबी, माझी बोटं, नाक, सरांची बाही, सगळं गुलाबी. आणि केस असे ठप्प झाले की सेरोटोनिनलाही दाद देईनात.

"हा प्रयोग आहे की जोतिबाची यात्रा?" सर ओरडले.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "काय ओ, कोण निवडून आलं?"

आबा! डोक्याला फेटा, हातात सरांसाठी गुळाची ढेप. मला हसू आवरेना.

दुसरा शिंपला उघडला, कल्ल्याचा तुकडा काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आता पूडबीड काही नको, केसच बघायचे. थेंब सोडला आणि म्हटलं, "आबा, ह्यात डोळा लावा. केस हलताना दिसतील."

आबा वाकले. लगेच ओरडले, "दिसलं की! लई केस हायत. काळं काळं. हलत्यात बी! झ्याक हाय पोरी. शीक तू, पावण्यांना मी न्हाय म्हणून कळवतो."

मी उडीच मारणार होते. पण काळे? शिंपल्याचे केस कुठले काळे! आबा स्वतःच्याच पापण्या बघत होते. सरांनी माझ्याकडं बघितलं, मी सरांकडं. गप्प बसले असते तर काम फत्ते होतं. पण मला राहवेना. माझ्या शिंपल्याचं श्रेय आबांच्या पापण्यांनी खायचं म्हणजे काय?

"आबा, त्या तुमच्या पापण्या हायत."

"आं?"

"डोळा जरा मागं घ्या. असं. आता?"

आबांनी फेटा काढून टेबलावर ठेवला आणि पुन्हा वाकले. तोवर मी काचेवर नवा तुकडा ठेवला होता, केस थांबलेले. मी कडेनं थेंब सोडला. आबांचा डोळा तिथंच चिकटला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, तरी मान वर नाही. जयसिंगपूरची मिशी माझ्या डोळ्यांपुढं नाचायला लागली.

मग ते सरळ झाले. डोळे पाणावले होते.

"थांबलं हुतं," ते सरांना म्हणाले, "आन् चालू झालं. हिनं केलं."

"हो," सर म्हणाले.

आबा माझ्याकडं वळले. "मगाशी काय दिसतंय ते काय बी कळलं नव्हतं गं. तुझं तोंड बघून शिकायला व्हय म्हणालो. आता बघून म्हणतोय."