काचेवरचा पिवळा ठसा

माझ्या आईचा एक नियम होता. पत्रक समोरच्याच्या हातात दिलं की तोंड फिरवायचं. त्याने ते वाचलं, खिशात कोंबलं, की त्यात भजी बांधून घेतली, हे वळून पाहायचं नाही. यवतमाळच्या एसटी स्टँडवर आणि बाजाराच्या दिवशी ढाणकीत ती काखेत पिशवी अडकवून कायद्याची, हक्कांची पत्रकं वाटायची. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पत्रकांवरच. एकदा मी हट्ट धरला, "पाहू तं दे, वाचते का कोणी." ती म्हणाली, "आपण पाह्यलं का माणूस लाजते. वाचणाऱ्याले एकटं सोडा लागते."

पुढे मला फुलसावंगी आणि ढाणकीच्या मधल्या एका गावात वाचनालय सांभाळायचं काम मिळालं. आईची पत्रकं मी तिथे टेबलावर ठेवू लागले. ती टिकत नसत. काही फाडली जात, काही एका रात्रीत गठ्ठ्यानेच गायब होत. मुलींना कागद घरी नेता येत नव्हता, सापडला तर जाब द्यावा लागायचा. मोबाइलचं तर बोलायलाच नको. या गावात मुलीचा मोबाइल तिच्यापेक्षा तिचा भाऊच जास्त हाताळतो. वाचायला घराची परवानगी लागत असेल तर ते वाचनालय नाही, ती चौकी आहे, असं मी वाचनालयाच्या सभेत बोलले होते. अध्यक्ष हसले होते. "बोल पोरी, बोल. तुह्या मायनं तुले पत्रकं चारूनच मोठं केलं."

म्हणून मी तो डबा बसवला. पत्त्यांच्या जोडाएवढा एक कॉम्प्युटर, नुसता बोर्डच, आणि त्याला जोडलेली तळहाताएवढी टचस्क्रीन. पत्रकं मेमरी कार्डात भरली. स्क्रीन इतकी लहान की शीर्षकं बसेनात, जोडाक्षरं तुटू लागली. मग नुसते आकडे ठेवले, तीन ओळींत एक ते नऊ. आकडा दाबला की पत्रक उघडायचं. पहिलं पत्रक होतं, सज्ञान मुलीने आपल्या मर्जीने, जातीबाहेर लग्न केलं तर संरक्षण कुठे आणि कसं मागायचं, याचं. नववं रेशन कार्डात नाव घालण्या-कमी करण्याचं.

डबा मी पुस्तकांच्या कपाटाच्या बगलेला, आतल्या अंगाला टांगला. माझ्या खुर्चीतून तिथे उभा असलेला माणूस दिसत नसे. ते मी मुद्दाम केलं होतं.

पण वायर वरून येत होती आणि ती खोचायची जागा डब्याच्या खालच्या बाजूला होती. म्हणून डबा उलटा टांगावा लागला. चित्र उलटं आलं. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालून मी ते सरळ केलं. चित्र सरळ झालं, पण बोटाचं कुठे झालं होतं! काच अजून उलटीच होती. वरच्या कोपऱ्यातला एक दाबला की खालच्या कोपऱ्यातला नऊ उघडायचा, दोन दाबला की आठ. फक्त मधला पाच इमानदार होता. पेपर वाचायला येणारे म्हातारे बाबा मनसोक्त हसले. "ह्या डब्ब्यात कोणाची सून बसोली हाय वं? सांगतलं एक तं करते दुसरंच." काही दिवस तसेच गेले. लोक येऊन मजा म्हणून उलटे आकडे दाबत. शेवटी बोटाची दिशा फिरवणारी आणखी एक ओळ मला सापडली, आणि डबा शहाणा झाला.

आई पाहायला आली. डब्यासमोर बराच वेळ उभी राहिली. "चांगला हाय," म्हणाली. मग मान तिरपी करून म्हणाली, "पण कागद हातोहात जाते वं. हे इथंच राह्यते. हे सारं पाह्यत असन."

"आई, त्याले डोळे नाहीत. मी काहीच नोंदवून ठेवत नाही त्याच्यात."

"मले काय समजते तुहं?" ती म्हणाली. तरी जाताना तिने पुन्हा एकदा वळून डब्याकडे पाहिलं. ती कधी वळून पाहत नसे.

हळदीचा हंगाम आला. गावाबाहेर हळद उकडायच्या कढया लागल्या, ती घासायचे ड्रम फिरू लागले. हळद निवडायला घराघरातल्या बाया बसल्या, अध्यक्षांच्या घरच्यासुद्धा. त्या दिवसांत आमच्याकडे नखांतला पिवळेपणा साबणाने जात नाही.

एका दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, स्क्रीन काळी पडली. अध्यक्ष नेहमीसारखे आले, पण पेपराच्या टेबलाकडे गेले नाहीत. सरळ कपाटामागे गेले. तिथून हाक आली, "इकडं ये पोरी."

खिडकीतून ऊन तिरपं येत होतं. काळ्या काचेवर एका बोटाचा ठसा होता. रोज त्याच जागी दाबून दाबून दाट झालेला, पिवळा. वरच्या कोपऱ्यात.

"हे काय हाय, ह्या जागी?"

"आकडा आहे, काका."

"आकड्यात काय हाय?"

"लाइट आली की पाहून घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ठशाकडेच पाहत होते, शांतपणे. "आमची पोरगी अभ्यासाले म्हणून इथं येते. पुस्तक घरी एकही आणत नाही. पाहुणे पाहून गेले तं तोंड उघडत नाही. काल मायले म्हणे, मी सज्ञान हाय." तो शब्द त्यांनी तोंडात खडा आल्यासारखा काढला. "हा शब्द आमच्या घरात कोणी शिकवला, तेवढं पाहाचं हाय मले. लाइट आली का येतो. पुसजो नोको."

ते गेले. मी तिथेच उभी होते. ती मुलगी वाचनालयात येते हे मलाही माहीत होतं, बऱ्याच मुली येत. कपाटामागे कोण किती वेळ उभं राहतं, हे मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. पुसलं असतं तर तोच पुरावा झाला असता. पहिलं पत्रक काढून टाकलं असतं तर तिचं वाचणंच मी माझ्या हाताने बंद केलं असतं. आणि आईचं पत्रक कुणाच्या धाकाने मागे घ्यायचं, हे माझ्या रक्तात नाही.

मोबाइल चार्ज करायची बॅटरी माझ्या पिशवीत होती. मी ती डब्याला लावली, की-बोर्ड जोडला, सेटिंगची फाइल उघडली आणि बोटाची दिशा फिरवणारी जी ओळ शोधायला मी डोकं फोडून घेतलं होतं, ती पुसून टाकली. बॅटरी काढली.

लाइट आली तसे ते आले. सोबत त्यांचा भाऊ होता, त्यांच्यापेक्षा अंगाने मोठा, एक शब्द न बोलणारा. स्क्रीन उजळली. अध्यक्षांनी आपलं बोट बरोबर पिवळ्या ठशावर ठेवलं आणि दाबलं.

रेशन कार्ड उघडलं.

ते ओठ हलवत वाचू लागले. ‘नाव कमी करण्यासाठी’ या ओळीवर थांबले. "कोणाचं नाव कमी करून राह्यलं?" ते स्वतःशीच बोलले. भावाने मधला आकडा दाबला. पाच इमानदारच होता, माहितीचा अधिकार उघडला. त्याचं बोट खाली सरकलं, नऊच्या वर येऊन तरंगत राहिलं. आता त्याच्याखाली पहिलं पत्रक होतं.

"चाल," अध्यक्ष म्हणाले. मग अंगठ्याने तो ठसा पुसला, अंगठा नाकाशी नेला आणि म्हणाले, "हयद हाय." जाताना दारात थांबून माझ्याकडे पाहिलं. "आता रोज बसतो मी इथं. पेपर वाचत."

आणि ते बसू लागले. पेपर उभा धरून, पान न उलटता.

मी ती ओळ परत घातली नाही. मुलीला सांगायचं कसं? मी सांगितलंही नाही. पण तिसऱ्या की चौथ्या दिवशी वाचनालय बंद करताना मी स्क्रीन विझवली, तर खालच्या कोपऱ्यात, नऊच्या जागी, पिवळा ठसा होता. तो डबा वेडा होता तेव्हा तिनेही हसत कधीतरी दाबून पाहिला असणार. त्यानंतर काच पुसून घेतल्याशिवाय मी कधी कुलूप लावलं नाही. बाप टेबलाशी बसलेला असायचा आणि त्याच दिवशी ठसा नवा असायचा. कधी आली, कशी आली, मी पाहिलं नाही. मी पेपर लावत असायचे, पाठ फिरवून.

मग एका संध्याकाळी काच स्वच्छ होती. दुसऱ्याही.

तिसऱ्या दिवशी मी दार उघडायच्या आधीच दोघे भाऊ पायरीवर होते. अध्यक्षांनी मला वाट दिली, माझ्या मागोमाग आत आले, आणि भावाने दार लोटून घेतलं.

"कुठं गेली?"

"कोण, काका?"

"नाटक नोको करू. कोणासोबत आली, कोणाशी बोलली, काय वाचलं, सांग."

"मले खरंच माहीत नाही."

ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. लपवलेलं असतं तर त्यांना ते सापडलं असतं, एवढा वेळ ते पाहत होते. आईच्या नियमाला दुसरी बाजूही होती, ती तिने मला कधी सांगितली नव्हती. माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं.

भावाने डबा ओढून काढला. वायर भिंतीतल्या खिळ्यासकट आली. "ह्याच्यात असन," तो म्हणाला. पहिल्यांदाच बोलला.

त्यात काही नव्हतं. ते त्यांना कळलं असावं, कारण डबा परत आला नाही आणि मला कामावर येऊ नको असा निरोप आला. मुलगी अजून त्यांना सापडलेली नाही. सापडली असती तर गावाला कळलं असतं.

बाजाराच्या दिवशी मी ढाणकीत उभी राहते, काखेत आईची पिशवी. पहिलंच पत्रक, कागदावर. समोरच्या पानठेल्यावर अध्यक्षांचा तो भाऊ उभा असतो. तो माझ्याकडे पाहत नाही, पत्रक घ्यायला पुढे येणाऱ्या हातांकडे पाहतो. मी पत्रक देते आणि तोंड फिरवते. बघू दे त्याला. हंगाम अजून संपलेला नाही, आणि बाजारातला हरेक हात पिवळा आहे.